तिसरा बांबू

तिसऱ्या बांबूखाली काय आहे, हे काल्हेरच्या धक्क्यावर जमलेल्या दहा बायकांपैकी एकटीला ठाऊक होतं. आणि ती एकटी गप्प बसली होती.

तिचं नाव ललिता. वय चौतीसच्या आसपास. नेमकं तिलाही सांगता यायचं नाही, कारण मोजायची वेळच कधी आली नाही. माहेर अंबाडीच्या पुढे डोंगरातल्या पाड्यावर. तिथलं पाणी म्हणजे एक ओहोळ, तोही दिवाळीनंतर दगड दाखवायला लागायचा. लग्न होऊन ती भिवंडीजवळ काल्हेरला आली तेव्हा खाडी बघून तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "ह्या पाण्याला घर न्हाय का? जातंय काय, परत येतंय काय." किशन पोट धरून हसला होता. मग त्यानंच तिला भरती-ओहोटी शिकवली, पाठीला रिकामा कॅन बांधून पोहायला शिकवलं, आणि उधाणाच्या दिवशी धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहायचं नाही हेही शिकवलं. किशन तेव्हा रेती काढणाऱ्या बार्जवर होता. खाडी म्हणजे त्याचं अंगण.

ललिता दापोड्याच्या एका गोदामात पॅकिंगला जायची. दहा तास उभ्यानं काम. पट्ट्यावरून खोकी येतात, ती चिकटपट्टी मारते, खोकी पुढे जातात. संध्याकाळी घरी आली की आधी भिंतीला पाय लावून झोपायची, मग स्वयंपाक. "मी काय काम करते म्हणून इचारलं तर सांगावं, उभी राहते," असं ती आपल्या मुलींना सांगायची, आणि ते अगदी खरं होतं.

अशी बाई शिडाच्या होडीत कशी बसली? तर कंपनीला महिलांसाठी काहीतरी करायचं होतं. शिलाई मशीन वाटून झाली होती, मेंदीची स्पर्धा झाली होती. त्यात कुणा मोठ्या साहेबाला शिडाच्या होड्यांचा शौक. काल्हेरच्या खाडीत नौकाविहाराचं केंद्र काढायचं ठरलं आणि त्याचा नारळ फोडायचा तर आधी फक्त बायकांसाठी एक शिकाऊ कोर्स. सुपरवायझर भाविकला सांगितलं, संध्याकाळपर्यंत नावं दे. भाविकनं कुणाला विचारलं वगैरे नाही. त्या सकाळी ज्यांनी पहिल्यांदा कार्ड पंच केलं त्यांची नावं वरून खाली उतरवून दिली. ललिता तिसरी होती. एक रडली, एकीचा नवरा भांडायला आला, दोघींनी पाळीचं कारण काढलं. शेवटी गोदामातल्या सहा उरल्या आणि भिवंडी-ठाण्याकडच्या, फी भरून आलेल्या चौघी मिळाल्या.

ललितानं कारण काढलं नाही. कोर्सच्या शेवटी परीक्षा होती, आणि परीक्षेत चांगल्या निघतील त्यांतल्या दोघींना केंद्रात मदतनीस म्हणून कायमची नोकरी मिळणार होती. होडीत बसून करायची नोकरी. बसून. ह्या एका शब्दावर ती आली होती.

पहिल्या रविवारी अकरा वाजता धक्क्यावर पाच होड्या लागल्या होत्या, एकेकीत दोन बायका. शिकवणारी अदिती, सत्तावीस वर्षांची, उन्हानं नाक सोललेली, आवाज शाळेच्या मैदानावरच्या पीटीसारखा. एका धरणाच्या जलाशयावर शिडाची होडी शिकली, तिथंच शिकवायला लागली. गुणी मुलगी होती, पण तिचं सगळं आयुष्य जागच्या जागी राहणाऱ्या पाण्यावर गेलं होतं.

"हे शीड. हे सुकाणू. आणि ही मधली फळी," ती म्हणाली. "फळी पाण्यात साधारण कंबरेएवढी खाली जाते. ती नसेल तर वारा होडीला आडवी ढकलत नेईल. फळी आपली मैत्रीण. आता समोर बघा. ते तीन बांबू दिसतात? आपल्या तरंगत्या खुणा अजून आलेल्या नाहीत, म्हणून सध्या हेच बांबू. पहिल्याला वळसा, दुसऱ्याला वळसा, तिसऱ्याला वळसा, घरी परत."

पहिले दोन बांबू जाळी बांधणाऱ्यांचे होते, जुने, शेवाळलेले. तिसऱ्याला वर निळ्या ताडपत्रीची चिंधी होती. ती चिंधी ललितानं स्वतःच्या हातानं फाडून दिली होती, घरावरच्या जुन्या ताडपत्रीची. तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"काय गं, थंडी वाजते का?" शेजारच्या बाईंनी विचारलं. ह्या सुनीतीबाई, तिच्या होडीतल्या जोडीदार. भिवंडीच्या ब्राह्मण आळीतल्या, त्रेसष्ट वर्षांच्या, नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यातून निवृत्त झालेल्या. मुलगा अनय परदेशातून रोज फोन करून नको म्हणत होता, म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या.

"न्हाय बाई. वारा हाय थोडा."

"वारा नसेल तर आपण इथं काय भजी तळायची?"

त्या दिवशी खाडी तुडुंब होती आणि अजून भरतच होती. धक्क्याच्या चौदा पायऱ्यांपैकी चारच कोरड्या. पाचही होड्या तिसऱ्या बांबूला वळसा घालून आल्या आणि काही झालं नाही. ललिताचा मात्र सगळा वेळ जीव पायांत होता. आता लागेल, आता लागेल. सुकाणू इतकं घट्ट धरलं की सुनीतीबाई म्हणाल्या, "सोड गं त्याला, पळून नाही जाणार."

घरी आल्यावर तिनं दार लावलं.

"तुमचा बांबू खूण केलाय त्यांनी."

किशन जेवत होता. घास तसाच राहिला. "कंचा?"

"निळ्या चिंधीचा."

गोष्ट मागच्या कार्तिकातली. खाडीतून पंपानं रेती उपसायला बंदी होती, तरी उपसा चालायचा. बार्ज भूपेशशेटची, पंप भूपेशशेटचा, आणि किशन ती चालवायचा. भर दुपारी तहसीलच्या लोकांची धाड येतेय असा फोन आला. पकडली तर बार्ज कापून टाकतात. म्हणून अशा वेळी बार्जवाले एक गोष्ट करतात: तळाचा व्हॉल्व्ह उघडतात आणि आपलीच बार्ज आपण बुडवून टाकतात. वरून बघणाऱ्याला रिकामी खाडी. महिना-दोन महिने गेले, वातावरण थंड झालं, की पंप लावून पुन्हा वर काढायची. ती परत सापडावी म्हणून शेजारी एक बांबू. व्हॉल्व्ह किशननं उघडला होता आणि बांबूही त्यानंच रोवला होता. ह्या वेळी मात्र गस्त वाढली आणि बार्ज खालीच राहिली. तिच्या डेकवर पंपाचा लोखंडी सांगाडा उभाच होता. अमावास्येच्या पुऱ्या ओहोटीलासुद्धा त्याच्यावर वीतभर पाणी राहायचं, म्हणून तो कुणाला दिसला नव्हता.

"त्या होड्यांना खाली कंबरेएवढी फळी हाय," ललिता म्हणाली. "लोखंडाला अडकली म्हणजे होडी फाटंल नायतर उलटी होईल. खाली पंज्यासारखं लोखंड. कुणी बाई त्यावर पडली तर?"

"भरतीला काय होतं? दोन पुरुष पानी असतं त्याच्यावर. तुमचं भरतीलाच हाय ना?"

"मॅडमला सांगू?"

किशननं ताट सरकवलं. "सांग. मंग मी आत. एकदा लिहून दिलंय मी चौकीत, पुन्हा रेतीत सापडनार न्हाय म्हणून. आन ही खोली कुणाची? शेटची. शेट काय करंल ते तर मी तोंडातून काढत पन न्हाय." मग ताट पुन्हा ओढून घेत तो हळू म्हणाला, "होळीनंतर काढनार हायेत वर. तवर गप ऱ्हा."

ती गप्प राहिली. नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नाही आणि नऊ बायकांना बुडवायचं नाही, असं दोन्ही जमेल असं तिला त्या दिवशी वाटलं. माणसाला वाटतं तसं.

वर्ग एकाआड एक रविवारी होता, दर वेळी अकराला. पंधरवडा मध्ये गेला की पाणी साधारण तसंच परत येतं, एवढं अदितीला मोबाईलवर बघून कळलं होतं, आणि तिनं सगळं वेळापत्रक एकदम छापून टाकलं. पण 'साधारण' ह्या शब्दात बरंच काही मावतं. दुसऱ्या वर्गाला ललितानं पायऱ्या मोजल्या: पाच कोरड्या. तिसऱ्याला सहा, आणि पाणी चढत नव्हतं, नुसतं उभं होतं. चौथ्याला सात, आणि पायरीवर ओल्याची रेघ वर राहिली होती. म्हणजे पाणी उतरायला लागलं होतं.

तिनं घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर किशनपुढे धरलं. त्यानं बोटानं तिथ्या मोजल्या. पहिला वर्ग चतुर्दशीला, मग त्रयोदशी, मग दोनदा द्वादशी, मग एकादशी. शेवटचा, सहावा, परीक्षेचा, दशमीला.

"तुमचा रविवार घड्याळाचा," तो म्हणाला. "पानी तिथीचं. दर येळी पाऊन तास आधी येतं न आधी जातं. दशमीला अकरा वाजता ओहोटी लागून दोन तास झालेले असतील."

"मंग लोखंडावर किती पानी?"

"असंल पुरुषभर. चालंल. येळेवर सुटलात तर चालंल."

गोदामातलं कुठलं काम वेळेवर सुटतं हे ललिताला ठाऊक होतं. तिनं पुढच्या वर्गाला अदितीला गाठलं.

"मॅडम, तिसऱ्या बांबूला नको जाऊ या."

"का गं?"

"तिकडं... बरं न्हाय."

अदितीचा चेहरा मऊ झाला. तिनं ललिताच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग सगळ्यांना गोल बसवून वीस मिनिटं बोलली. भीती कशी मनात असते, पूर्वीचे लोक पाण्याला देव-भूत का मानायचे, आपण विज्ञान कसं मानायला हवं. गोदामातल्या बायका ललिताकडे बघून तोंडावर पदर धरून हसल्या. डोंगरातली बाई पाण्याचं काही सांगते म्हणजे भुताचंच सांगणार, हे अदितीच्या मनात इतकं पक्कं होतं की दुसरा प्रश्न विचारायचं तिला सुचलंच नाही. शिकलेल्या माणसांचं असं होतं. ललितालाही ते बरं वाटलं, कारण दुसरा प्रश्न विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

सुनीतीबाई हसल्या नव्हत्या. होडीची दोरी गुंडाळताना त्या म्हणाल्या, "ललिते, पस्तीस वर्षं मी घरपट्टीच्या खिडकीत बसले. माणूस लपवतो तेव्हा कसा उभा राहतो, ते मला कळतं. भूतबित काही नाही तिथं. काय आहे?"

"काय न्हाय बाई."

"बरं. सांगावंसं वाटलं की सांग. पण माझं वय बघून जरा लवकर सांग."

ललिताला हसू आलं. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात धक्क्यावर पांढरी गाडी थांबली आणि भूपेशशेट उतरला. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, हातात पाण्याची बाटली. परीक्षेच्या कार्यक्रमाला मांडव आणि खुर्च्या आपल्याकडून, असं त्यानं कंपनीला सांगून टाकलं होतं. जागेची पाहणी करायला आला होता. सगळ्यांना नमस्कार करत करत तो ललितापाशी थांबला.

"काय वहिनी, होडी शिकताय म्हणे. चांगलंय. आपल्या माणसानं पुढं जायला पाहिजे." मग बाटलीचं झाकण फिरवत, त्याच गोड आवाजात, "सांभाळून पण. खाडीत जास्त बोलायचं नसतं. पाण्यावरून आवाज लांब जातो."

तो गेल्यावर सुनीतीबाईंनी विचारलं, "हा कोण?"

"आमच्या खोलीचे मालक."

"हं," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि पुन्हा दोरी गुंडाळायला लागल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, किशन घामाघूम होऊन घरी आला. अंगाला चिखल. मुलींना बाहेर पाठवून तो तिच्यासमोर बसला.

"झालं तुझं काम. बांबू हलवला."

"म्हंजे?"

"उपटला न पलीकडच्या काठाकडं नेऊन रोवला. शंभर पावलं आडवा. चिंधी तीच हाय, कुणाला कळनार न्हाय. आता दुसऱ्या बांबूपास्नं सरळ तिसऱ्याकडं गेलात तर लोखंड पार डाव्या अंगाला ऱ्हातंय. शेटलाबी सांगितलं न्हाय मी." आणि मग, पुष्कळ वर्षांत बोलला नव्हता तसा, "झोप आता. डोळे बघ कसे झालेत."

ललिता त्या रात्री शांत झोपली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

दशमीचा रविवार. धक्क्यावर लाल-पांढरा मांडव, पहिल्या रांगेत मखमली खुर्च्या, माइकवर 'हॅलो, हॅलो'. अकरा वाजता ललितानं पायऱ्या मोजल्या: नऊ कोरड्या. पाणी सरसर उतरत होतं, धक्क्याच्या खांबांना मागे ओलं काळं सोडून. अदिती शिट्टी हातात धरून तयार होती. पण कंपनीचे मोठे साहेब यायचे होते आणि ते अंजूरफाट्याच्या ट्रकांमध्ये अडकले होते. साडेअकराला फोन, पाचच मिनिटं. बाराला फोन, पाचच मिनिटं.

"सर, पाणी थांबत नाही," अदिती भाविकला म्हणाली.

"मॅडम, पाणी रोज येतंय. साहेब रोज येतात का?" भाविक म्हणाला.

साहेब एकला आले. तेव्हा कोरड्या पायऱ्या बारा होत्या, काठाचा चिखल उघडा पडला होता आणि घोडबंदरकडून खारा वारा सुटला होता. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा एकमेकांवर धडकून खाडीच्या अंगावर शहारे उठत होते. भूपेशशेट पहिल्या रांगेत, हार घालून. किशन लांब, धक्क्याच्या कठड्यावर बसलेला. त्यानं ललिताकडे बघून हळूच मान हलवली: काळजी नको.

शिट्टी वाजली. पाच होड्या सुटल्या. पहिला बांबू सोपा गेला. दुसरा वळला. सुकाणू ललिताच्या हातात, शिडाची दोरी सुनीतीबाईंच्या. आता तिसरा, पलीकडच्या काठाकडचा, निळ्या चिंधीचा. ललितानं होडीचं तोंड सरळ त्याच्याकडे केलं, आणि शीड फडफडायला लागलं. होडी जागच्या जागी थरथरली.

"अगं, वारा समोरून आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. "सरळ कशी जाईल? डावीकडे घे. मग उजवीकडे. नागमोडी, शिकवलंय ना."

ललितानं डावीकडे बघितलं.

बार्ज मोटारीनं चालते. किशनच्या उभ्या जन्मात होडी म्हणजे जिकडे तोंड तिकडे जाणारी वस्तू. सरळ गेलात तर लोखंड डाव्या अंगाला राहतंय, असं तो म्हणाला होता. आणि शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही नाही. अडीच महिने ती हेच शिकत होती, तरी काल त्याचं ऐकून झोपली. बांबू होता तेव्हा निदान लोखंड कुठे ते तिला कळत होतं. आता समोर नुसतं तपकिरी पाणी. चार होड्या तिच्या मागून येत होत्या, आणि चारही त्याच डाव्या अंगाला वळत होत्या. आणि लोखंडावर पाणी पुरुषभर नव्हतं. दोन तासांपूर्वी होतं.

ओरडावं, तर काठावर माइक, माइकसमोर शेट. पाण्यावरून आवाज लांब जातो. पण एक नियम अदितीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून घोकून घेतला होता: एक होडी उलटली की बाकीच्यांनी शिडाची दोरी सोडून द्यायची, होडी जागेवर थांबते.

"बाई, मी होडी उलटवते."

"मुद्दाम?"

"हां. फळी मोकळी करा, ती लागता कामा न्हाय. जाकीट घट्ट हाय ना?"

सुनीतीबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. फळी वर ओढून घेतली आणि नाक चिमटीत धरलं. "मग विचारतेस काय. कर."

ललितानं सगळं वजन एका कडेला टाकलं. आकाश फिरलं, शीड पाण्यावर थापकन आडवं झालं, आणि गार, खारट, गढूळ पाणी नाकातोंडात गेलं. वर आली तेव्हा शिट्टी वाजत होती. सुनीतीबाई होडीच्या बुडाला धरून खोकत होत्या. चारही होड्यांची शिडं मोकळी फडफडत होती. नियम पाळला होता सगळ्यांनी.

पण धरणातलं पाणी वेगळं आणि हे वेगळं. इथे दोरी सोडली म्हणजे थांबणं नव्हे. ओहोटी त्या पाचही होड्यांना हळूहळू, एकीमागून एक, खाली नेत होती. वारा उलटा होता तरी नेत होती. ललिता उलट्या होडीला धरून वाहत होती आणि पाय जमेल तितके वर ओढत होती.

मग तिच्या उजव्या पायाला ते लागलं.

आधी नुसतं निसरडं, मग कडा. अंगठा चिरला गेला ते तिला कळलं. तिनं दुसरा पाय चाचपडत टेकला. एक आडवी पट्टी होती, हातभर रुंद, शेवाळलेली. होडी हातातून सुटली, सुनीतीबाईंना घेऊन बाजूनं पुढे सरकली. ललिता तोल सावरत सरळ झाली.

खाडीच्या मध्यावर, दोन्ही काठांपासून लांब, एक बाई कंबरेएवढ्या पाण्यात उभी होती.

माइक बंद झाला. मांडवातले लोक उठून पुढे आले. ओहोटीलासुद्धा खाडीच्या मध्यावर माणूस असं उभं राहू शकत नाही, हे काल्हेरातल्या लहान पोरालाही कळतं. आणि का राहू शकतं, ते निम्म्या गावाला कळतं.

पहिली होडी तिच्यावर येत होती. आतल्या दोघी गोदामातल्या, पांढऱ्या पडलेल्या. "फळी वर घ्या," ललिता ओरडली. "वर घ्या फळी. ह्या अंगाला नको." तिनं होडीचं नाक दोन्ही हातांनी धरलं आणि उजवीकडे लोटलं. पायाखालची पट्टी करकरली. दुसरी आली, ती लोटली. तिसरीला फळीची खीळ निघेना. ती खाली घासली, एक लांबलचक कर्कश आवाज आला, होडी अर्धी कलली, आणि ललितानं खांदा लावून ती सोडवली. चौथी लांबून गेली.

अदितीनं मदतीची मोटारबोट आणून आधी उलट्या होडीवरून सुनीतीबाईंना आत ओढून घेतलं, आणि मग ती आली ती थेट ललिताकडेच. ललितानं दोन्ही हात वर केले. "इंजिन बंद करा मॅडम. पंखा अडकंल. तिथंच ऱ्हावा."

इंजिन बंद झालं. एकदम एवढं शांत झालं की शिडांची फडफड ऐकू यायला लागली. अदितीनं वल्हं मारत बोट जागेवर धरली. मग तिनं ललिताकडे बघितलं. पाण्यातून लाल धागा वाहत चाललेला तिला दिसला.

"ललिता," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज पीटीचा नव्हता. "तू कशावर उभी आहेस?"

"बार्ज हाय मॅडम. बुडवलेली."

"कुणी?"

ललितानं काठाकडे पाहिलं. पहिल्या रांगेतली शेटची खुर्ची रिकामी होती. हार तेवढा खुर्चीच्या हातावर लटकत होता. कठड्यावर किशन बसला होता ती जागाही रिकामी होती.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापास्नं."

"ते नंतर," सुनीतीबाई म्हणाल्या. दात वाजत होते त्यांचे. "आधी वर ये. दोरी टाकतेय, धर."

ललितानं दोरी धरली नाही.

"अगं ये ना. रक्त जातंय."

"मी हालले तर हे कुठं हाय ते पुन्हा कुणाला कळायचं न्हाय, बाई. आता बांबू न्हाय हितं. तुम्ही कुणालातरी बोलवा. चौकीतनं बोलवा, तहसीलातनं बोलवा. त्यांनी खूण केली की येते."

सुनीतीबाईंनी आणखी एकदा सांगितलं, मग अदितीचा फोन मागून घेतला आणि नंबर दाबायला लागल्या. बोटं ओली, नंबर लागेना. पाणी ललिताच्या कंबरेवरून मांडीवर उतरत होतं. गोदामात दहा तास उभी राहायची ती. पाय त्याच सवयीनं जरा फाकवून तिनं वजन सारखं केलं.

तेवढ्यात वरच्या वळणामागून मोटारीचा आवाज आला. अदितीची बोट तर समोर बंद उभी होती. आवाज जवळ येत गेला, आणि कांदळवनाच्या आडून एक लांब काळी होडी निघाली, तोंड सरळ मध्यावर रोखलेलं. तिच्यात दोन माणसं होती. कोण, ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं. काठावरच्या रिकाम्या जागाही दोनच होत्या.

ललिता हलली नाही.